दांड्या पूर्ण, तरी नेट हळू: लॅपटॉपचं वाय-फाय नेमकं कुठे अडतं

जुळे सोलापूर असो की साखर पेठ, तक्रार एकच. प्लॅन शंभर एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिटचा होता. "काका, दोनशेचा घ्या, मग पळतंय बघा," असं नेटवाल्या पोरानं सांगितलं. महिन्याचे पैसे वाढले, आणि आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवर आकडा तोच, पंधरा-अठरा. कोपऱ्यात वाय-फायच्या सगळ्या दांड्या मात्र भरलेल्या.

अशा वेळी दोष बहुतेकदा प्लॅनचा नसतो. नेट कंपनीकडून राउटरपर्यंत व्यवस्थित आलेलं असतं, अडतं ते शेवटच्या वीस-पंचवीस फुटांत, राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधल्या हवेत. तिथे कितीही मोठा प्लॅन ओतला तरी फरक पडत नाही. नोकरी पुण्याच्या आयटी कंपनीत आणि मुक्काम आई-वडिलांजवळ सोलापुरात, अशी मुलं-मुली आता बऱ्याच घरांत आहेत. साहेबांसमोर मीटिंगमध्ये चेहरा गोठला की त्यांना ही गोष्ट फार टोचते. म्हणून जरा मुळापासून बघू.

दांड्या फक्त एवढंच सांगतात की राउटरचा आवाज लॅपटॉपपर्यंत किती मोठ्याने पोचतोय. लॅपटॉपचं उत्तर राउटरला नीट ऐकू जातंय का, हवेत आणखी किती जण बोलतायत, आपली पाळी किती वेळाने येते, यातलं काहीच त्या दांड्यांत दिसत नाही. आणि वेग ठरतो तो मुख्यतः याच गोष्टींवर.

आधी अडलंय कुठे, ते शोधा

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे लॅन केबल. राउटरच्या मागच्या पिवळ्या किंवा काळ्या खाचेतून केबल थेट लॅपटॉपला लावा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. हल्लीच्या सडपातळ लॅपटॉपना लॅनची खाच नसते. मग यूएसबीला लागणारा लॅन अडॅप्टर शेजाऱ्याकडून तासाभरासाठी आणा. केबलवर पूर्ण वेग आला तर कंपनी सुटली, भानगड घरातल्या हवेची आहे. केबलवरही पंधराच आले तर वाय-फायमध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही; शेवटचा भाग वाचा.

एक तिसरी शक्यताही असते. प्लॅन दोनशेचा आणि केबलवर दरवेळी बरोबर ९३-९४ वर येऊन आकडा थांबतो. याचा अर्थ राउटरची खाच, लॅपटॉपचा अडॅप्टर किंवा मधली केबल यांपैकी काहीतरी १०० एमबीपीएसवर अडकलंय. स्वस्त राउटरच्या खाचा मुळातच शंभरच्या असतात. पण कधी खाच हजाराची असूनही हेच होतं, कारण हजाराच्या वेगाला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात. एक जोडी तुटली की दोन्हीकडची यंत्रं मुकाट्याने शंभरवर उतरतात आणि कुठेही चूक दाखवत नाहीत. दहा फुटांची केबल बदलून दोनशेचा प्लॅन जागा झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

केबल मिळतच नसेल तर लॅपटॉप राउटरपासून पाच-सहा फुटांवर नेऊन टेस्ट घ्या, मग नेहमीच्या जागी बसून घ्या. दोन आकड्यांतली तफावत म्हणजे तुमच्या घराने खाल्लेला वेग.

मीटिंग तुटते पण स्पीड टेस्ट चांगली येते, असंही होतं. तेव्हा पिंग बघा, म्हणजे हाक मारल्यावर उत्तर यायला किती वेळ लागतो ते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग हा शब्द, एक जागा आणि राउटरचा पत्ता इंग्रजीत टंका. पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१. घरातल्या घरात उत्तर एक ते पाच मिलिसेकंदांत यायला हवं. तिथेच कधी ३, कधी १८०, मध्येच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असं येत असेल, तर कंपनीला फोन करून उपयोग नाही. तुमचा लॅपटॉप घरातल्या राउटरशीच धड बोलू शकत नाहीये.

जाता जाता एककांचा घोळ. प्लॅन सांगितला जातो मेगाबिटमध्ये आणि फाइल उतरताना खिडकी दाखवते मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा शंभरच्या प्लॅनवर सेकंदाला बारा एमबी दिसले तर तो पूर्ण वेग आहे, फसवणूक नाही. आणि गरज किती? नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरे म्हणतं, फोर-केसाठी १५. व्हिडिओ मीटिंग चांगल्या चित्रासह तीन-चारमध्ये भागते. चार जणांच्या घराला पन्नासचा प्लॅनही पुरतो, फक्त ते पन्नास लॅपटॉपपर्यंत पोचले पाहिजेत.

लिंक स्पीड

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, तिथून नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, आणि जोडलेल्या नेटवर्कच्या नावाची प्रॉपर्टीज. खाली गेलात की लिंक स्पीड, नेटवर्क बँड (म्हणजे लहरींचा पट्टा, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) आणि चॅनेल (त्या पट्ट्यातली एक वाट) दिसतात. मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून धरून वरच्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की हीच माहिती उघडते. मोठी फाइल उतरत असताना बघा. लॅपटॉप रिकामा बसला की हा आकडा आपोआप घसरलेला असू शकतो.

लिंक स्पीड म्हणजे राउटर आणि लॅपटॉप यांनी आपसात ठरवलेला वेग. ७२ दिसत असेल तर लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर एकाच अँटेनाने चाललाय. १४४ म्हणजे तोच पट्टा, दोन अँटेना. ४३३ हा ५ गिगाहर्ट्झवर एक अँटेना, ८६६ तिथेच दोन. वाय-फाय ६ च्या यंत्रांत १२०१ दिसतो. यातला प्रत्यक्ष हाताला लागतो साधारण निम्मा, फार तर साठ टक्के. म्हणजे लिंक ७२ असेल तर स्पीड टेस्टला पस्तीस-चाळीसच्या वर येणारच नाही, मग प्लॅन पाचशेचा का असेना. निम्मा कुठे जातो, हे कळलं की वाय-फायचं अर्धं कोडं सुटतं.

पाळीचा खेळ

एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. राउटर बोलत असेल तर लॅपटॉप गप्प, लॅपटॉप बोलत असेल तर राउटर गप्प, आणि घरातले फोन, टीव्ही, कॅमेरा सगळे कान लावून बसलेले. प्रत्येकाने बोलण्याआधी हवा मोकळी आहे का ते ऐकायचं, थोडं थांबायचं, मग एक छोटं पाकीट पाठवायचं आणि समोरच्याकडून पोच घ्यायची. पोच आली नाही तर तेच पाकीट पुन्हा. या ऐकण्या-थांबण्या-पोच घेण्यातच जवळजवळ निम्मा वेळ जातो.

आता टँकरपुढची रांग डोळ्यांसमोर आणा. नियम असा, की प्रत्येकाने एक भांडं भरायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. रुंद तोंडाची बादली क्षणात भरते. पण मध्येच एकजण अरुंद तोंडाची कळशी घेऊन येतो आणि धार चुकवत ती भरत बसतो. टँकर मोठा आहे, पाणी भरपूर आहे, तरी रांग खोळंबते, आणि खोळंबते ती सगळ्यांसाठी, बादलीवाल्यांसकट.

वाय-फायमध्ये हेच होतं. एक नेहमीचं पाकीट साधारण १५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिटांचं. ४३३ च्या लिंकवर ते नुसतं पाठवायला सेकंदाचा पस्तीस हजारावा भाग लागतो. गच्चीच्या कोपऱ्यात लावलेला स्वस्तातला कॅमेरा कशीबशी रेंज धरून ६ एमबीपीएसवर चालत असेल, तर त्याच पाकिटाला दोन हजारांश सेकंद लागतात, सत्तर पट वेळ. साध्या राउटरवर पाळ्या सारख्या वाटल्या जातात, वेळ सारखा वाटला जात नाही. म्हणून घरातलं सगळ्यात दूरचं, सगळ्यात जुनं यंत्र राउटरशेजारी बसलेल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपचाही वेग खातं. लॅपटॉपमध्ये दोष शोधत बसायचं आणि गुन्हेगार गच्चीवर.

यातून निघणारा उपाय बिनपैशाचा आहे. कॅमेरा, प्रिंटर, जुना फोन, स्मार्ट बल्ब हे सगळं २.४ च्या पट्ट्यावर ठेवायचं आणि कामाचा लॅपटॉप ५ च्या पट्ट्यावर. दोन पट्टे म्हणजे दोन वेगळ्या रांगा.

बऱ्याच राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असतं आणि कुठे जायचं ते यंत्रावर सोडलेलं असतं. लॅपटॉप अनेकदा जास्त दांड्या दिसतात म्हणून २.४ धरून बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ च्या पट्ट्याला वेगळं नाव द्या आणि लॅपटॉपला तेच जोडा. किंवा विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्समधलं वाय-फायचं कार्ड उघडून, अॅडव्हान्स्डमध्ये 'प्रिफर्ड बँड' दिसतोय का बघा. असला तर ५ गिगाहर्ट्झला पसंती द्या.

पेठेतली गर्दी

२.४ च्या पट्ट्यात जागा फारच थोडी आहे. भारतात चॅनेल १ ते १३ वापरतात, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येकाला रुंदी लागते २० ची. एकमेकांवर न चढणारे म्हणून उरतात तीनच: १, ६ आणि ११. काहीजण हुशारी करून ३ किंवा ८ निवडतात, तिथे कोणी नाही म्हणून. ते जास्त वाईट. एकाच चॅनेलवरची यंत्रं निदान एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि थांबतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर शेजाऱ्याचं बोलणं नुसता गोंगाट म्हणून येतं, पाकिटं खराब होतात आणि पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात.

शिवाय कोणी नेट वापरत नसतानाही प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःचं नाव पुकारत असतो. जुन्या पद्धतीच्या राउटरवर ही पुकार सर्वात हळू वेगाने, १ एमबीपीएसने जाते आणि दरवेळी दोन हजारांश सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेते. म्हणजे एका राउटरने हवेचा दोन टक्के वेळ नुसता नाव सांगण्यात घालवला. शुक्रवार पेठेत किंवा भवानी पेठेत, भिंतीला भिंत लागून घरं, एका खोलीत बसून वीस नेटवर्कं सहज दिसतात. त्यातली सात-आठ तुमच्याच चॅनेलवर असली तर कोणी बोट हलवण्याआधीच पंधरा टक्के वेळ संपला. राउटरमध्ये जुना 'बी' मोड बंद करता येत असेल तर करा, आणि कधीच न वापरलेलं पाहुण्यांचं नेटवर्कही काढून टाका. तेही वेगळी हाक मारत असतं. २.४ वर चॅनेलची रुंदी ४० नव्हे, २० ठेवा. पेठेत ४० ठेवणं म्हणजे बोळात ट्रॅक्टर आडवा लावणंच, आणि अडकतो तो आपलाच.

५ च्या पट्ट्याची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्यातली ६०५ मेगाहर्ट्झ जागा विनापरवाना वापराला मोकळी केली, २.४ मध्ये जेमतेम ८३ आहे. त्यात ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ हे चॅनेल निर्धोक. मधले काही चॅनेल हवामानाच्या रडारशी वाटून घ्यायचे असतात, आणि रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडून पळावं लागतं. सोलापूरकरांना हे अगदीच परकं नाही. २०१८-१९ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने इथे कृत्रिम पावसाचा मोठा प्रयोग केला, तेव्हा ढगांवर नजर ठेवणारं सी-बँड रडार इथेच होतं. तो पट्टा हाच.

५ गिगाहर्ट्झची खोड एकच: ते भिंतींना लवकर हार मानतं. आणि सोलापूरच्या भिंती काही साध्या नाहीत.

दगड, पत्रा आणि पाण्याचे ड्रम

सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि ती उणे असते. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत मीटिंग सुरळीत, उणे ७५ ला रडतखडत, उणे ८० नंतर सोडून द्या. आकडे जवळजवळ दिसतात, पण दर दहाला ताकद दहापट घटते. उणे ५० वरून उणे ७० वर जाणं म्हणजे शंभरावा हिस्सा उरणं. विंडोज हे टक्क्यांत सांगतं: उणे १०० म्हणजे शून्य, उणे ५० आणि त्याच्या वर सगळं शंभर. म्हणजे ६६ टक्के दिसले की तुम्ही बरोबर मीटिंगच्या काठावर बसलेले असता, आणि दांड्या तरी बऱ्यापैकी भरलेल्या दिसतात.

जुन्या वाड्याची दोन फुटी दगडी भिंत ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ गिळून टाकते. तिथे जोर लावण्यापेक्षा दाराच्या रेषेत राउटर ठेवणं शहाणपणाचं. आरसीसी स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते, त्यामुळे वरच्या मजल्यावर नेट पातळ होतं. राउटरच्या उभ्या अँटेनामधून लहरी बाजूने पसरतात, टोकाच्या दिशेने फारशा जात नाहीत. वर नेट हवं असेल तर एक अँटेना आडवी करून बघा. पत्रा तर धातूच. पुढे आरसीसीचं घर आणि मागे पत्र्याची खोली, अशी रचना असेल तर मागे नेट येतं ते दार-खिडकीतून जेवढं शिरेल तेवढंच.

आणि पाणी. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे घराघरात भरलेले ड्रम आणि टाक्या. पाणी या लहरी शोषून घेतं. राउटर आणि अभ्यासाची खोली यांच्यामध्ये भरलेल्या ड्रमांची ओळ असेल, तर पाणी आल्याच्या दिवशी नेट हळू आणि पाणी संपत आलं की बरं, असा चमत्कारही दिसू शकतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, भिंतीवरचा टीव्ही यांच्या मागे राउटर ठेवणं तर स्वतःच्या हाताने दाबणं झालं. आपल्याकडे राउटर बसतो कुठे, तर टीव्हीमागे, कारण केबलवाल्याला भोक तिथे सोपं पडतं. त्याला आधीच सांगा: वायर दहा-पंधरा फूट जास्त टाक, राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला बसव.

घरात माग असेल तर लोक म्हणतात, लूम सुरू झाली की नेट जातं. मोटरमुळे वाय-फायचा पट्टा खराब होत नाही. आड येतं ते मागाचं लोखंड. खरा उपद्रव मायक्रोवेव्हचा. तो बरोबर २.४५ वर चालतो, आणि आतलं जेवण गरम होईस्तोवर २.४ वरचं नेट गचके खातं.

उन्हाचंही सांगायला हवं. घरगुती राउटर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि लॅपटॉप ३५ पर्यंतच्या. मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या खोलीत किती असतं, हे सोलापूरकराला सांगायला नको. तिथे राउटर गरम होऊन अडखळतो आणि लॅपटॉपचा प्रोसेसर स्वतःला वाचवायला गती कमी करतो. मग नेट हळू वाटतं, पण खरं तर ब्राउझरच धापा टाकत असतो. राउटर इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवू नका, एवढं तरी करा.

लॅपटॉपच्या पोटात

शेजारी फोनवर दीडशे आणि त्याच जागी, त्याच पट्ट्यावर लॅपटॉपवर वीस, असं असेल तर आता लॅपटॉप उघडायची पाळी.

पहिली शंका कार्डावरच. बरेच स्वस्त लॅपटॉप एकाच अँटेनाचं कार्ड घेऊन येतात, आणि काही जुन्यांत तर फक्त २.४ चं. लॅपटॉपला ५ चं नेटवर्क यादीत दिसतच नसेल तर हेच कारण. अनेक लॅपटॉपमध्ये हे कार्ड एका स्क्रूवर बसवलेलं असतं आणि बदलता येतं. काहींत ते मदरबोर्डलाच चिकटवलेलं असतं. घेताना एक काळजी: इंटेलची एएक्स२०१, एएक्स२११ ही कार्डं ठराविक इंटेल प्रोसेसरबरोबरच चालतात, तर एएक्स२००, एएक्स२१० इतर मशिनांवरही चालतात. काही जुने लॅपटॉप कंपनीने मान्य केलेलं कार्ड नसेल तर सुरूच होत नाहीत. उघडायचं नसेल तर यूएसबीचा चांगला दोन पट्ट्यांचा डोंगल घ्या. नखाएवढा नको, त्यात अँटेनाला जागाच नसते.

दुसरी गोष्ट दुरुस्तीनंतरची. बिजागरी बदलली, स्क्रीन बदलली, आणि तेव्हापासून राउटरशेजारी नेट ठीक पण खोली बदलली की गायब. लॅपटॉपच्या अँटेना बहुधा स्क्रीनच्या कडेला असतात आणि बिजागरीतून दोन बारीक वायरी कार्डापर्यंत येतात. त्यातली एक निघालेली असते. दुकानात जाऊन "वायरलेसच्या अँटेनाची वायर बघ" असं नेमकं सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. "नेट स्लो आहे" म्हणालात तर विंडोज नव्याने टाकून देतील.

बाहेरची हार्ड डिस्क लावल्यावर नेट मंदावत असेल तर तो भास नव्हे. यूएसबी ३ च्या वायरी आणि खाचा २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतात, हे इंटेलने २०१२ मध्ये मोजून दाखवलंय. डिस्क दूर ठेवा किंवा ५ च्या पट्ट्यावर जा. ब्लूटूथचा हेडफोनही २.४ मध्येच राहतो.

सेटिंगमधल्या दोन-तीन गोष्टी पटकन. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' ही खूण काढा. काही लॅपटॉपवर हा पर्यायच नसतो. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. ड्रायव्हर आपोआप शोधून देणारी जी सॉफ्टवेअरं जाहिरातीत दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

मग टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कचा रकाना बघा. वनड्राइव्ह किंवा फोटोंचा बॅकअप वर चढत असेल तर खाली येणारं नेटही मंदावतं, आणि हे अनेकांना पटत नाही. खाली येणाऱ्या प्रत्येक थोड्या माहितीची पोच वर पाठवावी लागते. वरचा रस्ता फोटोंनी तुंबला की पोच उशिरा जाते, आणि समोरचा सर्व्हर पोच येईपर्यंत हात आखडता घेतो. लग्नाचे व्हिडिओ रात्री चढवा. ऑफिसचा व्हीपीएन (सगळं नेट ऑफिसमार्गे नेणारी सुरक्षित जोडणी) चालू असताना हळू आणि बंद केल्यावर पळत असेल, तर घरात काहीही बदलून फायदा नाही. ती अडचण ऑफिसच्या आयटीवाल्यांना कळवा.

रिपीटर घ्यायचा का?

माझं मत: शक्यतो नको. साधा रिपीटर त्याच चॅनेलवर आधी ऐकतो, मग तेच पुन्हा बोलतो. एकाच पाकिटाला हवेत दोनदा वेळ लागतो, म्हणजे वेग निम्मा. आणि लोक तो नेट पोचत नाही त्या खोलीत लावतात. तिथे त्याला तरी काय ऐकू येणार? लावायचाच तर निम्म्या वाटेवर, जिथे लॅपटॉपला अजून चांगला लिंक स्पीड मिळतो तिथे.

त्यापेक्षा केबल ओढा. राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ केबल, शंभर मीटरपर्यंत पूर्ण वेग देते. विकत घेताना शुद्ध तांब्याची मागा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल सर्रास विकली जाते. पलीकडच्या टोकाला नवीन काही घ्यायची गरज नाही, कपाटात पडलेला जुना राउटर चालतो. त्याचा पत्ता बदला म्हणजे मुख्य राउटरशी टक्कर होणार नाही, डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरचं नेट घेणाऱ्या) नव्हे, लॅनच्या खाचेत घाला. दगडी वाडा असो की पत्र्याची खोली, हा उपाय फसत नाही.

केबलवरही हळू असेल तर

मग कंपनीकडे बोट दाखवा, पण पुरावा घेऊन. आधी महिन्याचा डेटा संपून वेग उतरवलेला नाही ना, हे खात्यात बघा. रात्री आठ ते अकरा हळू आणि पहाटे जोरात, असं असेल तर तो गर्दीचा प्रश्न. घरोघरी येणारी फायबर बहुधा जीपॉन पद्धतीची असते. तिच्या एका धाग्यावरचे सुमारे अडीच गिगाबिट बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेले असतात, आणि पुढे कंपनीने किती जागा घेतलीय हे वेगळंच. दिवसभर सारखंच हळू असेल तर फायबर कुठेतरी मुडपलेली किंवा जोड मळलेला असू शकतो. माणूस आला की त्याला मीटरवर प्रकाशाची ताकद मोजायला लावा. उणे २७ डीबीएमच्या खाली गेली असेल तर जोड पुन्हा करायला सांगा, नुसता राउटर बंद-चालू करून जाऊ देऊ नका.

तक्रार लिहिताना "नेट स्लो" एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, लॅन केबलवर, वाय-फाय बंद ठेवून घेतलेला आकडा, आणि प्लॅनचा आकडा लिहा. तक्रारीचा नंबर घ्या. तिथे दाद मिळाली नाही तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीत अपिलाची वेगळी पायरी असते, तिथे तोच नंबर घालून अपील करता येतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.